मैनेला घरात कोण घेईल

१७ जून २०१८, रविवार

आज सहा जणी रडल्या! वाचनालय चालवणाऱ्या राऊतबाईंनी वाचकांच्या मेळात हातच वर करायला लावले — 'वेलणगडची मैना' वाचून कोणाकोणाला रडू आलं? सहा हात वर. संगीता नरपडहून येते, तिने तर दोन्ही हात वर केले. मी केला नाही.

यशोधन कारखानीसांची ही कादंबरी आल्यापासून वाचनालयात दुसरं कोणी काही मागतच नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच — वेलणगडचा सरदार जयसिंगराव शिकारीला जंगलात येतो, पाड्यावरची मैना त्याला भरल्या नदीतून पलीकडे नेते, तो तिला गडावर घेऊन जातो. लग्न न करताच ठेवतो. मग दुसऱ्या सरदाराच्या मुलीशी लग्न करतो. मैना पाड्यावर परत येते तर आई दार लावून घेते. सगळा पाडा थुंकतो. ती खाडीत उडी घेते. संपलं.

नविन बँकेतून सरळ येतो, शर्टाला पेन लावून. तो म्हणाला, "असल्या बंदुका तेव्हा आपल्याकडे आल्याच नव्हत्या."

संगीता म्हणाली, "तुला बंदूक दिसली? मला तिचं काळीज दिसलं."

"काळजाचं साल कोणी विचारत नाही, ताई. बंदुकीचं विचारतात."

सगळे हसले. मीही हसले. मग राऊतबाई म्हणाल्या, "दक्षा, तू सांग." — रूपाली, तू सांग, असं नाही म्हणाल्या. तीन वर्षं त्या आधी मला विचारत आल्या आहेत. मी इथे नोकरीला आहे म्हणून नव्हे, मी पुस्तक दोनदा वाचल्याशिवाय बोलत नाही म्हणून. दक्षा आज दुसऱ्यांदाच आली होती. उभी राहून बोलली. "मैना एकदम आपली वाटते," म्हणाली. कोणाची आपली?

१८ जून

खरं लिहायला हवं. नदी ओलांडते त्या पानावर मीही रडले होते.

१ जुलै, रविवार

दक्षा म्हणजे स्टेशनजवळच्या झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानाची दक्षा. दुकान तिच्या वडिलांचं, पण गल्ल्यावर तीच बसते. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, कंपनीच्या माणसाशी हिंदी. माझा धनेश त्या दुकानात मशीन चालवतो. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ती आणि तो, मध्ये एक काउंटर.

यात काही वाईट नाही. मी स्वतःला रोज सांगते, यात काही वाईट नाही.

आज मेळ संपल्यावर तिने मला विचारलं, "रूपीबेन, धनेश घरी पण एवढा बोलतो का?"

घरी तो बोलत नाही! घरी तो जेवतो.

२२ जुलै, रविवार

धनेश पुस्तक घेऊन आला. पावसात शर्टाच्या आत घालून आणलं, वर प्लास्टिकची पिशवी. 'वेलणगडची मैना'. दक्षाची स्वतःची प्रत, पहिल्या पानावर तिचं नाव.

"दक्षाने दिलं," म्हणाला. "वाच म्हणाली."

मी दोन वर्षांपूर्वी त्याला एक पुस्तक दिलं होतं. बारीकसं. ते अजून तांदळाच्या पिंपावर आहे. वर तिखटाचा डबा.

पाचशे पानं. वाचणार आहे म्हणे.

२९ जुलै

वाचतो आहे! ओटीवर बसून, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. चहा गार होतो. त्याची बहीण जिवली म्हणाली, "दादाला काय झालं? परीक्षा आहे का?"

मी विचारलं, कुठपर्यंत आलास? तर पान झाकून घेतलं. पुस्तक झाकण्यासारखं काय असतं?

जिवलीला गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. शेवट ऐकून थांबली. "आयुसने? सख्ख्या आईने दार लावलं? कशाला?"

"लग्न न करता राहिली म्हणून."

"मग काय झालं? सगळेच राहतात." परत भाकरी थापायला लागली. "पाण्यात जायच्या आधी मला विचारायचं होतं तिने. सांगितलं असतं, चल आशागडला, आपल्या घरी."

जिवली स्वतः गेल्या वर्षी नवऱ्याला सोडून पोर घेऊन आली. कोणी काही विचारलं नाही. माझ्या सासूने पेज वाढली. दुसऱ्या दिवशी भाताच्या लावणीला गेलो, तिघी.

तेव्हा मला कळलं की या कादंबरीत मला काय टोचत होतं. नदी नाही, गड नाही. दार.

५ ऑगस्ट, रविवार

आज दाराचं बोलायचं ठरवून गेले होते. बोलले नाही.

झालं असं — नविनचं बंदुकीचं संपल्यावर राऊतबाई म्हणाल्या, "पण मैनेच्या आईचा प्रसंग काय लिहिलाय! त्या काळी असंच व्हायचं. लग्नाशिवाय राहिलेल्या मुलीला कोण घरात घेणार?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दक्षाने माझ्याकडे बघितलं. सरळ. "रूपीबेन, तुम्ही सांगा. तुमच्याकडे पाड्यावर कसं असतं?"

सगळ्या माना वळल्या. माझा हात गळ्यातल्या पोतीवर गेला.

मी म्हटलं, "भाषा चांगली आहे पुस्तकाची."

भाषा चांगली आहे! तीन वर्षांत मी इतकं पोकळ वाक्य बोलले नव्हते. बाबांनी मला शाळेच्या आधी घरातच शिकवलं. कोळशाने भिंतीवर अक्षर काढायचे आणि विचारायचे. आलं नाही तर 'येत नाही' म्हणायचं. अंदाजाने बोललं की कोळसा खिशात टाकून उठून जायचे, त्या दिवसाचं शिकणं बंद. आज बाबा उठून गेले असते.

६ ऑगस्ट

इथे तरी नीट लिहिते.

धनेशचं आणि माझं लगीन झालेलं नाही. चार वर्षं झाली मला आशागडला येऊन. मी आले, सासूने घरात घेतलं, दोन्हीकडच्या माणसांनी बसून दारू प्यायली, झालं. लगीन होईल तेव्हा होईल. सगळ्या गावाला जेवण घालायचं म्हणजे घाई करून चालत नाही. माझ्या आईबाबांचं लगीन झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाड्यावर यात लपवण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखंही नाही.

पण डहाणूला वाचनालयात नोकरी लागली तेव्हा राऊतबाईंनी विचारलं, "लग्न झालंय ना?" मी उत्तर जुळवत होते तोवर धनेशच बोलून गेला, "हो, झालंय." तेव्हापासून मी काळी पोत घालते. त्याने दुकानातही तेच सांगितलं असणार.

आणि आता माझी पंचाईत बघा. कादंबरीत काय खोटं आहे ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर म्हणावं लागेल की आमच्याकडे बाई अशी राहते, मी राहते. आणि ते म्हटलं की दक्षाला कळणार — धनेशचं लग्न झालेलं नाही. धनेश मोकळा आहे.

तिला मी हे कशाला सांगू? तिने नुसती मान वर करायची, की समोर मशीनपाशी तो!

१९ ऑगस्ट

धनेशचं पुस्तक वाचून झालं. परत करून आला. जेवताना म्हणाला, "बिचारी मैना."

"बिचारी कशाला? घरी बसायचं. दुसरा करायचा."

"तिला कोण घरात घेणार होतं?"

"आपण जिवलीला नाही घेतलं?"

त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय म्हणजे उगाच नसेल." पुस्तकावर एवढा विश्वास! चिकूचा भाव विचारला तरी तीन ठिकाणी विचारून येणारा माणूस.

आणि हल्ली चांगलं वागतो. काल विहिरीचे हंडे त्याने आणले. जिवली हसायला लागली, "वहिनी, दादा आजारी आहे का?" मला हसू आलं नाही. माणूस अचानक चांगला वागायला लागला तर मी कारण शोधत बसते. काहीतरी केलं असेल, नाहीतर करणार असेल.

२३ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्यांदा वाचली. मुद्दाम. मनातून दक्षाला बाजूला ठेवून वाचायची, असं ठरवून. प्रामाणिक वाचक व्हायचं.

जमलं नाही. गडावर दिवाळी करताना मैना हसते तिथे मला दक्षाचं हसू ऐकू येतं. जयसिंगराव ओळीखाली बोट ठेवून पत्र वाचतो तिथे — त्याने बोट ठेवलंय असं लिहिलेलंच नाही. ते मीच वाचलं!

मग मला ही कादंबरी आवडत नाही ती खोटी आहे म्हणून, की तिने दिली म्हणून? तिने न देता कोणी दुसऱ्याने दिली असती तर दार मला टोचलं असतं का? येत नाही. उत्तर येत नाही.

मेळाचे आता उघड दोन तट पडलेत. संगीता नविनशी बोलत नाही. नविन म्हणतो, रडायला पुस्तक कशाला लागतं, कांदा आणा. राऊतबाई दोघांना समजावतात आणि शेवटी दक्षाला विचारतात. तिला शब्द सापडत नाही तेव्हा ती हात छातीवर ठेवते, आणि सगळ्यांना कळतं. मला शब्द सापडतात. त्याचं कोणाला काय!

१२ नोव्हेंबर

दिवाळीला तलासरीला बाबांकडे आले आहे. काल भांडी खडखडली, कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. जमीन हलली म्हणतात. आई पोरांना घेऊन अंगणात बसली होती. बाबा तेवढे आत. म्हणाले, पडलं तर बघू.

बाबांना कादंबरी सांगितली. ते शेंगा सोलत ऐकत होते.

"लिहिणारा कधी आला होता का पाड्यावर?"

"माहीत नाही."

"मग त्याला सांगा ना कोणीतरी."

"कोण सांगणार?"

"वाचलंय कोणी?"

मी सालं गोळा करायला लागले. बाबांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. त्यांना सगळं सांगावंसं वाटलं — दुकान, दक्षा, तिचं हसणं. पण आपल्या बापाला जाऊन काय सांगायचं, की मला मत्सर होतो? आमच्यात तर याला शब्दही धड नाही. जळते, म्हणतात. हो, जळते.

२० जानेवारी २०१९, रविवार

कारखानीस येणार! १० फेब्रुवारीला वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला. राऊतबाईंनी ठरवलं, दोन वाचक त्यांच्यासमोर बोलतील. बाजूने एक, विरुद्ध एक.

बाजूने दक्षा. विरुद्ध — नविन उठून उभाच राहिला होता. राऊतबाई म्हणाल्या, "बंदूक नको. रूपाली बोलेल."

संगीता माझ्या कानात म्हणाली, "तू विरुद्ध आहेस? मला कुठे माहीत होतं! तू तर भाषा चांगली म्हणालीस."

२७ जानेवारी

धनेशला सांगितलं, काय बोलणार ते. तो गाडी पुसत होता. फडकं थांबलं.

"आपल्या घरातलं तिथे कशाला?"

"घरातलं नाही. दाराचं."

"तेच ते. दुकानात मला सगळे ओळखतात, रूपी. नको बोलू. दुसरं काही बोल. बंदुकीचं बोल."

"तिला कळेल म्हणून घाबरतोस?"

"कोण ती?"

मी नाव घेतलं नाही. त्यानेही परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना? निर्मळ माणूस परत विचारतो.

३ फेब्रुवारी

बंदुकीवर चार ओळी लिहिल्या. फाडल्या.

१० फेब्रुवारी, रविवार

बोलले.

परवाच्या भूकंपाच्या मोठ्या धक्क्यापासून स्लॅबखाली बसायला कोणी तयार नाही, म्हणून खुर्च्या बाहेर अंगणात मांडल्या होत्या. माणसं रस्त्यापर्यंत. कारखानीस साधे आहेत. चिकू दिला तर सालासकट खाल्ला. मला त्यांचा राग येईना.

आधी दक्षा. पिवळी साडी. छान बोलली, लिहिते ते खोटं लिहिणार नाही. म्हणाली, "मैनाने मला शिकवलं, बाईला सोडणं म्हणजे मारणं आहे. ज्या पुरुषाने हे वाचलं तो असं करणार नाही." संगीताने डोळे पुसले. शेवटच्या रांगेमागे गाड्यांपाशी धनेश उभा होता. तो दक्षाकडे बघत नव्हता, खाली बघत होता. मला ते बघण्याहून वाईट वाटलं.

मग मी. माईक खाली घेताना खडखडला, एकाला वाटलं परत धक्का आला.

मी म्हटलं, "सर, मैनेची आई दार लावते, हे खोटं आहे. आमच्या पाड्यांवर दार लावत नाहीत. बाई परत आली तर तिला पेज वाढतात. आमच्याकडे माणसं आधी राहतात, लगीन मागाहून होतं. कधी पोरं झाल्यावर. माझ्या आईबापांच्या लग्नात मी नाचले आहे."

कोणीतरी हसलं. मग कळलं की मी विनोद केलेला नाही.

"धवलेरीने गाणी म्हणून त्यांचं लगीन लावलं, आणि मी तारपा वाजवणाऱ्यामागे नाचत होते, नऊ वर्षांची. माझं स्वतःचंही लगीन अजून झालेलं नाही. चार वर्षं मी माझ्या माणसाबरोबर राहते. त्याने उद्या मला सोडलं तर मी खाडीत जाणार नाही. एसटीने तलासरीला जाईन. बाबा म्हणतील, आलीस? हात धू. तुमची मैना आमची नाही. तिला तुम्ही मारलंत, पाड्याने नाही."

एक रिक्षा गेली तिचा आवाज केवढा मोठा वाटला!

कारखानीसांनी चष्मा काढला. "ताई, तुमचं बरोबर असेल. मला माहीत नव्हतं. पण मैना घरी आली असती, पेज प्यायली असती, तर माझी कादंबरी संपली कशी असती?"

टाळ्या. मीही वाजवल्या! काय बोलावं सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं — तिथून सुरू झाली असती.

राऊतबाई माझ्या पोतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे ही—" आणि पुढे काही नाही. नविनने हात मिळवला. "बंदुकीपेक्षा जोरात लागलं," म्हणाला.

दक्षा दुरून माझ्याकडे बघत होती. बघू दे. आता तिला माहीत आहे. मी स्वतः सांगितलं, माईकवर, सगळ्यांसमोर. घाबरत घाबरत का होईना, खरं तेच सांगितलं.

११ फेब्रुवारी

धनेश रागावला नाही. काल गाडीवरून परतताना आशागडच्या फाट्याला आल्यावर म्हणाला, "तू खरंच नसती गेलीस? खाडीत?"

मी म्हटलं, "वेडा आहेस का? मला पोहता येतं." तो हसला. किती दिवसांनी हसला! मोकळा, पोरासारखा. रात्री दोनदा वाढून घेतलं.

किती महिने उगाच जळत होते मी. सांगून टाकलं आणि काही झालं नाही. हलकं वाटतं आहे.

१३ फेब्रुवारी

दुपारी दक्षा आली. वाचनालयात कोणी नव्हतं. म्हणाली, "रूपीबेन, तुमचं लगन नाही झालेलं ते मला ठाऊक होतं. धनेशनेच सांगितलेलं, पावसाळ्यात. म्हणाला मी मोकळा आहे. मला विचारलं त्याने."

मी हातातलं रजिस्टर मिटलं.

"मी नाही म्हटलं. म्हटलं घरी बाई आहे तुझ्या. आणि ती कादंबरी दिली हातात. म्हटलं पहिले हे वाच, सोडलेल्या बाईचं काय होतं ते बघ, मग तोंड उघड. वाचून आला, रडला, परत कधी बोलला नाही." मग थोडा वेळ काउंटरवरची धूळ बोटाने पुसत राहिली. "काल परत बोलला. म्हणतो, रूपी मरत नाही. तिने स्वतःच सांगितलं ना सगळ्यांसमोर."

मी जे बोलले ते खरं होतं. अजूनही खरं आहे.